दिसेनासा झालेला संगणक

संगणक म्हटला की आजही आपल्या डोळ्यांसमोर टेबलावरचा पडदा, कळफलक आणि माऊस असे चित्र उभे राहते. २०११ च्या जनगणनेत घरातील सुखसोयींची नोंद घेताना संगणक किंवा लॅपटॉप आहे काय, असा प्रश्न विचारण्यात आला होता. तोही हेच चित्र मनात धरून. मराठवाड्यातील हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात बहुतेक घरांचे उत्तर साहजिकच नकारार्थी होते. वस्तुत: त्याच घरांपैकी अनेकांच्या भिंतीवरील वीज मीटरमध्ये, खिशातील मोबाइलच्या सिमकार्डात, गावच्या दुकानातील वजनकाट्यात एकेक लहानसा संगणक तेव्हाही काम करीत होता. मोजणाऱ्याने तो मोजला नाही आणि वापरणाऱ्यानेही तो ओळखला नाही.

वस्तूंमध्ये आणि परिसरात असा विरघळून गेलेला संगणक हा आपल्या काळातील मोठा, पण फारसा न बोलला गेलेला बदल आहे. जाणकार त्यास ‘सर्वव्यापी संगणन’ म्हणतात. हा बदल समजून घ्यायचा तर पुण्या-मुंबईच्या माहिती तंत्रज्ञान संकुलांपेक्षा हिंगोली अधिक उपयोगी पडते. परभणीचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेला हा जिल्हा हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत अशा पाच तालुक्यांचा आहे. २०११ मध्ये त्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. येथे सॉफ्टवेअर उद्योग नाही. हळद, सोयाबीन, कापूस आणि ऊस यांवर चालणारे हे जीवन आहे. तरीही शेतमालाचे वजन, पावसाची नोंद, रेशनचे धान्य आणि लोकसभेचे मत या साऱ्यांवर आता चिप असलेल्या यंत्राची मोहोर उमटते. त्या यंत्राचा निर्णय पडताळून कसा पाहायचा, हा प्रश्न म्हणूनच येथे अधिक ठळकपणे समोर येतो.

कल्पनेचा उगम

‘सर्वव्यापी संगणन’ ही संज्ञा १९८८ च्या सुमारास अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मार्क वायझर या संगणकशास्त्रज्ञाने रूढ केली. सप्टेंबर १९९१ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी एकविसाव्या शतकातील संगणकावर लेख लिहिला. जे तंत्रज्ञान सर्वांत खोल रुजते ते रोजच्या व्यवहारात मिसळून दिसेनासे होते, हे त्यांचे प्रतिपादन. त्यासाठी त्यांनी विजेच्या मोटारीचे उदाहरण दिले. एके काळी सबंध कारखान्यात एकच मोठे इंजिन असे आणि पट्ट्यांच्या साहाय्याने ते सर्व यंत्रे फिरवी. पुढे मोटारी लहान व स्वस्त झाल्या आणि प्रत्येक अवजारात जाऊन बसल्या. आज मिक्सर लावताना आपण ‘मोटार’ चालवतो आहोत असे कोणाच्या मनातही येत नाही. संगणकाचेही असेच होईल, हे वायझर यांचे भाकीत. १९९९ मध्ये ते अकाली निवर्तले. भाकीत मात्र खरे ठरले.

ते खरे ठरण्यास कारण झाली ती चिप. नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ‘४००४’ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. तो मुळात एका जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी घडविलेला होता आणि त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. पुढे प्रक्रिया करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलण्याची दारे ही सारी एकाच चिपवर आली. तिचे नाव मायक्रोकंट्रोलर, म्हणजेच सूक्ष्मनियंत्रक. इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या ‘८०५१’ या सूक्ष्मनियंत्रकाच्या कुळाशी महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांच्या कित्येक पिढ्यांचा परिचय आहे. परीक्षेपुरता पाठ केलेला तो धडा पुढे घरोघरच्या उपकरणांत जाऊन बसला.

टेबलावरचा संगणक हरकामी असतो. तो पत्र लिहितो, गाणे वाजवितो, हिशेबही करतो. सूक्ष्मनियंत्रक एकमार्गी असतो. नेमून दिलेले एकच काम तो अहोरात्र करीत राहतो. त्याचा दिनक्रम तीन पायऱ्यांचा आहे. संवेदकाकडून माप घ्यायचे, ते ठरलेल्या नियमाशी ताडून पाहायचे आणि त्यानुसार कृती करायची. पुढे येणारी सारी उदाहरणे या तीन पायऱ्यांचीच आहेत.

हळदीचा काटा

हिंगोली व वसमत या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा. हिंगोलीचे संत नामदेव हळद मार्केट यार्ड प्रसिद्ध आहे आणि वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वर्षभराच्या कष्टाचे मोल ठरते ते येथील काट्यावर. पूर्वी तराजूच्या एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात लोखंडी वजने असत. काट्याची जीभ मध्यावर आली की नाही, हे शेतकरी स्वत:च्या डोळ्यांनी पाहू शकत असे.

आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्याखाली धातूचा एक ठोकळा असतो. पोत्याच्या भाराने तो अगदी किंचित वाकतो. त्यावर चिकटविलेल्या पातळ तारांचा विद्युत-रोध त्यामुळे बदलतो. या सूक्ष्म बदलाचे आकड्यात रूपांतर करून, त्यास एका ठरावीक गुणकाने गुणून सूक्ष्मनियंत्रक वजन दाखवितो. काटा खरा की खोटा, हे या गुणकावर अवलंबून असते. तो चिपच्या स्मृतीत असतो आणि कोणासही दिसत नाही.

समाजाने यावर जुनाच उपाय नव्याने लागू केला. लोखंडी वजनांवर जसा सरकारी शिक्का असे, तसाच इलेक्ट्रॉनिक काटाही वैधमापन विभागाकडून ठरावीक मुदतीने तपासून घ्यावा लागतो. निरीक्षक प्रमाणित वजने ठेवून आकडा पाहतो, मग काटा शिसे-तारेने मोहोरबंद करतो आणि प्रमाणपत्र देतो. देशात आता त्यासाठी २००९ चा वैधमापन कायदा आहे. तारेचा तो सील शाबूत असेल, तर आतला गुणक कोणी बदललेला नाही असे मानण्यास आधार मिळतो. आतला संगणक दिसत नसला तरी त्याच्या खरेपणाची खूण मात्र बाहेर लटकलेली असते. पुढील प्रत्येक यंत्रापाशी हीच खूण शोधायची आहे.

भिंतीवरचा लुकलुकता दिवा

जुन्या वीज मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरत असे. वापर वाढला की चकतीचा वेग वाढे आणि तो लहान मुलासही दिसे. २००६ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने मीटरसंबंधी विनियम केले आणि फिरते भाग नसलेले इलेक्ट्रॉनिक मीटर हाच नियम झाला. आता चिप दर क्षणी व्होल्टेज व प्रवाह मोजते, त्यांचा गुणाकार करते आणि बेरीज स्मृतीत ठेवते.

चकती गेली, तरी तिची जागा एका लहान लाल दिव्याने घेतली आहे. अनेक घरगुती मीटरवर त्या दिव्याशेजारी एका युनिटला ३,२०० स्पंद अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. घरातील सर्व उपकरणे बंद करून केवळ एक हजार वॅटचे गीझर किंवा इस्त्री सुरू ठेवली, तर तासाला एक युनिट वीज खर्च होते. म्हणजे हा दिवा तासाला ३,२०० वेळा, मिनिटाला सुमारे ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. इस्त्री तापून आपोआप बंद पडण्यापूर्वी एक मिनिट मोजले तरी पुरे. घड्याळ हाती घेऊन हा पडताळा कोणीही घेऊ शकतो. बिलाविषयीच्या तक्रारी आपण तावातावाने करतो. मात्र या दिव्याकडे क्वचितच पाहतो.

स्मार्ट मीटरने यापुढे पाऊल टाकले. हा मीटर वापराची नोंद स्वत:च दूरच्या केंद्राकडे धाडतो. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या वितरण सुधारणा योजनेत देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. महाराष्ट्रात त्यास विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत, असे राज्य सरकारने जाहीर केले. त्यानंतर आलेले मीटर वापराची वेळही नोंदवितात, त्यामुळे दिवसाच्या विजेचा वेगळा दर लावता येतो. सोय खरी आहे. परंतु घरात माणसे कधी उठतात, कधी झोपतात, घर कधी बंद असते, हेही अशा नोंदीवरून कळू शकते. पूर्वीच्या चकतीला हे ठाऊक नव्हते.

हाच बदल दाराशी उभ्या मोटारसायकलमध्येही झाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि कार्बोरेटरची जागा बहुतांशी संगणकनियंत्रित इंधनपुरवठ्याने घेतली. धूर कमी झाला. मात्र इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणाऱ्या तालुक्याच्या गावच्या मेकॅनिकला आता दोषाचा सांकेतिक क्रमांक वाचणारे उपकरण विकत घ्यावे लागते. ज्यापाशी ते नाही, त्याचे अनुभवी कान निम्म्या कामापुरतेच उरले.

शेतातील पंप

शेतीपंपांना तीन फेजची वीज ठरावीक तासांपुरती मिळते आणि अनेकदा ती रात्रीची असते. साप-विंचवाच्या भयात, चिखल तुडवीत पंप सुरू करावयास जाणे हा शेतकऱ्याचा पिढीजात त्रास. त्यावर पहिला तोडगा निघाला तो ऑटोस्विचचा. वीज आली की पंप आपोआप सुरू! एका शेतापुरता हा तोडगा उत्तम आहे. पण एका रोहित्रावरील सर्वच पंपांना ऑटोस्विच असले, तर वीज येताच सारे पंप एकाच क्षणी सुरू होतात. मोटार सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट अधिक प्रवाह ओढते. तो भार रोहित्रास सोसवत नाही, ते जळते आणि ऐन हंगामात सर्वांचेच पाणी थांबते. म्हणूनच ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करीत आली आहे. स्वयंचलित वस्तू एकेकटी शहाणी असली तरी शेजाऱ्याचा विचार तिला कोणी शिकविलेला नसतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

दुसरा तोडगा मोबाइलचा. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण विकसित केले. ते पंपाच्या स्टार्टरला जोडलेले असते. शेतकरी घरून फोन लावतो, वीज आहे की नाही हे जाणून घेतो आणि पंप सुरू किंवा बंद करतो. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यास पारितोषिक मिळाले. अशी ‘मोबाइल स्टार्टर’ उपकरणे आता तालुक्याच्या बाजारात सहज मिळतात. ऑटोस्विचशी तुलना केली तर येथे निर्णय माणसाकडेच राहतो. वाचते ती रात्रीची पायपीट.

तिसरा तोडगा सूर्याचा. केंद्राची ‘पीएम-कुसुम’ योजना २०१९ मध्ये आली, तर राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ मध्ये. सौरपंपाचा कंट्रोलर हा शुद्ध संगणकच होय. ऊन सतत बदलते, ढग येतात-जातात. अशा वेळी पॅनेलमधून अधिकाधिक शक्ती काढण्यासाठी तो व्होल्टेज किंचित वाढवून पाहतो. शक्ती वाढली तर त्याच दिशेने पुढे जातो, घटली तर माघारी वळतो. ही चाचपणी दिवसभर अखंड चालू असते. कुसुम योजनेत या पंपांवर दूरदेखरेखीची यंत्रणाही बसविली जाते आणि पंप किती चालला याची नोंद सिमकार्डामार्फत केंद्राकडे जाते. पंप बंद पडल्याचे गावाबाहेर बसलेल्या माणसासही कळू शकते. दुरुस्तीस मात्र माणूसच यावा लागतो.

पावसाचा साक्षीदार

पंपाचे पाणी शेतकऱ्याच्या हाती असते, पावसाचे नसते. तो किती पडला हे ठरविणेही आता त्याच्या हाती उरलेले नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘महावेध’ प्रकल्पाखाली राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा आणि पाऊस यांची नोंद ती सौरऊर्जेवर, मनुष्याविना करतात. अशा केंद्रांतील पर्जन्यमापकात साधारणत: दोन लहान पन्हळींची डोलणारी जोडी असते. एक पन्हळ ठरावीक पाण्याने भरली की ती कलंडते, दुसरी वर येते आणि प्रत्येक कलंडण्यास एक विद्युत-स्पंद उमटतो. चिप हे स्पंद मोजते आणि मिलिमीटरचा आकडा कळविते.

या आकड्यावर बरेच काही अवलंबून आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर मंडळात अतिवृष्टी झाल्याचे मानले जाते आणि मदतीचा विचार सुरू होतो. केळी, संत्रा, मोसंबी यांसारख्या फळपिकांच्या हवामानावर आधारित विम्यात तर केंद्रावरील आकडे ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की नाही, यावरच भरपाई ठरते.

पाऊस मात्र मंडळाच्या सीमा पाळीत नाही. एका मंडळात अनेक गावे असतात. ढगफुटीने एका शिवारातील माती वाहून जावी आणि काही किलोमीटरवरील केंद्रावर रिमझिम व्हावी, हे मराठवाड्यात नवलाचे नाही. पन्हळीच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला किंवा कोळ्याने जाळे विणले तरी नोंद चुकते. यंत्र खोटे बोलत नाही, हे खरे. पण ते जेथे उभे आहे तेवढेच पाहते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘विंड्स’ ही योजना पुढे आणली. तीत ग्रामपंचायत स्तरापर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक नेण्याची कल्पना आहे. साक्षीदार वाढले की साक्ष अधिक भरवशाची होईल, हे त्यामागील सूत्र आहे.

अंगठ्याची गोष्ट

निरक्षर माणसास आपल्याकडे ‘अंगठाबहाद्दर’ म्हणून हिणविले जाई. काळाचा न्याय असा की, आज पदवीधरासही रेशन दुकानात अंगठाच लावावा लागतो. आधार क्रमांकाचे वाटप सुरू झाले तेच महाराष्ट्रातून, २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी. पुढे २०१७-१८ च्या सुमारास राज्यातील रेशन दुकानांत ‘ई-पॉस’ यंत्रे आली. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. ते मिळण्यापूर्वी ई-पॉसचा संवेदक बोटाचा ठसा टिपतो, तो सांकेतिक रूपात दूरच्या आधार केंद्राकडे जातो आणि तेथून ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येते.

लाभ उघड आहे. खोट्या नावांवर धान्य उचलणे कठीण झाले. ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात गेलेले मजूर कुटुंब तेथील दुकानातूनही आपला हिस्सा उचलू शकते, कारण आता नोंद दुकानाशी नव्हे तर माणसाशी बांधलेली आहे. जून २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती करून ई-पॉस यंत्र इलेक्ट्रॉनिक काट्याशी जोडण्यास केंद्राने उत्तेजन दिले, तेही तोलमापातील चोरी थांबावी म्हणून.

पण ज्या हातांनी ऊस तोडला, हळद काढली, विटा वाहिल्या, त्या हातांवरच्या रेषा झिजतात. वयाबरोबर त्या अधिकच पुसट होतात. ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य रेशनच्या रांगेत नवे राहिलेले नाही. कधी ठसा जुळत नाही, कधी नेटवर्क नसते. यंत्राच्या पडद्यावर दोन्हीचा अर्थ एकच, नकार. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने आधारअभावी कोणाचेही धान्य नाकारू नये, अशा स्पष्ट सूचना राज्यांना दिल्या. डोळ्यांची बाहुली, मोबाइलवरील संकेतांक, नोंदवहीतील नोंद असे पर्याय शासकीय व्यवस्थेत आहेत. प्रश्न एवढाच की, रांगेतील आजीबाईस ते कोण सांगणार? काट्यावरचा सील ज्यास पाहायचा त्यास दिसतो. येथला पर्याय मात्र परिपत्रकात असतो आणि परिपत्रक दुकानाबाहेर टांगलेले नसते.

तीन यंत्रे, एक मत

मतदान यंत्रातही असाच एकमार्गी संगणक आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सार्वजनिक कंपन्यांनी ते बनविले. त्याच्या रचनेत मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्रा. ए. जी. राव व प्रा. रवी पूवैया यांचा वाटा आहे. १९८२ मध्ये केरळातील परूर येथे ते प्रथम वापरले गेले. मात्र कायद्यात तशी तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान अग्राह्य ठरविले. त्यानंतर कायदा बदलला आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रांवर झाली. यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज नसलेल्या वाडीवरही मतदान अडत नाही. ते कोणत्याही नेटवर्कशी जोडलेले नसते आणि त्यातील आज्ञावली एकदाच लिहिता येते, असे निवडणूक आयोग सांगतो.

२०२४ मध्ये हिंगोली लोकसभा मतदारसंघात ३३ उमेदवार होते. एका मतपत्रिका-यंत्रावर १६ नावे मावतात. ‘नोटा’ धरून ३४ बटणांसाठी प्रत्येक केंद्रावर तीन यंत्रे शेजारी-शेजारी मांडावी लागली. मतदान झाले २६ एप्रिल २०२४ रोजी. योगायोग असा की, त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने मतदान यंत्रांविषयीचा महत्त्वाचा निकाल दिला. कागदी मतपत्रिकेकडे परतण्याची आणि सर्वच चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली. मात्र उमेदवारांची चिन्हे भरणारी उपकरणे निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवावीत, असे बजावले. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांनी मागणी केल्यास पाच टक्के यंत्रांतील मायक्रोकंट्रोलर तपासण्याची मुभाही दिली. एरवी अभियंत्यांच्या पुस्तकात राहणारा हा शब्द न्यायालयाच्या आदेशात आला, तो असा.

त्याआधी २०१३ पासून ‘व्हीव्हीपॅट’ आले होते आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ते सर्व केंद्रांवर बसविण्यात आले. बटण दाबताच काचेआड एक चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या जातात. एवढा पडताळा पुरेसा आहे की नाही, यावर मतभेद आहेत आणि ते राहतील. पण काचेआडची ती सात सेकंदे म्हणजे चिपच्या निर्णयास डोळ्यांना दिसणारे रूप देण्याचा प्रयत्न होय, यात शंका नाही.

औंढ्याचा माळ

वजनकाट्यापासून सुरू झालेला हा प्रवास हिंगोली जिल्ह्यातच एका विलक्षण ठिकाणी पोहोचतो. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे स्थान म्हणून ख्यातनाम. त्याच तालुक्यातील दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वत: मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. पुण्याचे आयुका हे तिच्या भागीदार संस्थांपैकी एक आहे.

या वेधशाळेस काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या असतील. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने अवकाशास बसणारा हेलकावा, म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा बदल, ती टिपू पाहील. एवढ्या नाजूक मापात ट्रकची धडधड, वारा, दूरच्या समुद्राच्या लाटा, सारेच व्यत्यय आणतात. म्हणून अमेरिकेतील लायगो वेधशाळांत जमिनीत भूकंपमापक, भिंतींवर ध्वनिग्राहक आणि खोल्याखोल्यांत चुंबकीय संवेदक पेरलेले आहेत. ४० किलोचे आरसे स्थिर ठेवण्यासाठी संगणक सेकंदाला हजारो वेळा मोजतो, ताडतो आणि सावरतो. येथे संगणक इमारतीत ठेवलेला नसतो. इमारतच संगणकाचे शरीर असते. २१ मार्च २०२४ रोजी आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी हिंगोली परिसरात सुमारे ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. अशा हालचालींची दखल या यंत्रणेस सतत घ्यावी लागेल.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र लायगोचे वैशिष्ट्य वेगळेच आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर प्रथम नोंदली गेली, तेव्हा ती हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावरील दोन वेधशाळांत सात मिलिसेकंदांच्या फरकाने दिसली. दुसऱ्याची साक्ष मिळाली म्हणूनच पहिलीवर इतका विश्वास बसला. त्याआधी २०१० मध्ये काही मोजक्या व्यक्तींनी यंत्रणेत गुपचूप एक बनावट लहर सोडली होती. सहकाऱ्यांनी ती शोधली, महिनोन् महिने तपासली, लेखही तयार केला आणि मगच त्यांना ती बनावट असल्याचे सांगण्यात आले. जगातील सर्वांत काटेकोर यंत्र बांधणाऱ्यांचाही त्या यंत्रावर आंधळा विश्वास नव्हता. त्यांनी पडताळा यंत्रातच बांधून घेतला.

मोहोर कोठे आहे?

त्याच जिल्ह्यात शेतकऱ्यास एका पर्जन्यमापकाचा शब्द अंतिम मानावा लागतो आणि वृद्धेस एका संवेदकाचा नकार. अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या घटनेसाठी दोन साक्षीदार लागतात, तर पाच किलो गहू-तांदळासाठी एकच का पुरावा? हा तंत्रज्ञानाचा दोष नव्हे. काट्याचा सील, मीटरचा दिवा, व्हीव्हीपॅटची चिठ्ठी ही सारी तंत्रज्ञानाचीच देणगी आहे. जेथे समाजाने पडताळ्याचा आग्रह धरला तेथे तो मिळाला. जेथे धरला नाही तेथे राहून गेला.

वायझर यांना संगणक दिसेनासा व्हावा असे वाटत होते, ते माणसाचे लक्ष त्यात अडकून पडू नये म्हणून. ती अपेक्षा रास्त होती. यंत्र नजरेआड व्हावे, पण त्याचा जाब विचारण्याची जागा नजरेआड होऊ नये. म्हणून कोणतीही ‘स्मार्ट’ वस्तू दारात आली की तीन प्रश्न विचारावेत. ती काय मोजते? तिचे माप चुकल्यास दुसरा पुरावा कोणता? आणि तिने ‘नाही’ म्हटल्यावर कोणत्या माणसाकडे जायचे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे यंत्राच्या अंगावरच, मराठीत आणि ठळक अक्षरांत लिहिलेली असावीत, ही मागणी काही फार मोठी नाही. आपल्या वाडवडिलांनी लोखंडी वजनावर सरकारी शिक्का पाहिल्याखेरीज माल तोलू दिला नाही. चिपच्या बाबतीतही आपण तेवढेच करायचे आहे.